त्रिवेणीचा भांडणाचा डबा

हैदराबादेत मलकपेठच्या त्या चार मजली इमारतीत गेल्या उन्हाळ्यात बातमी पसरली की चौथ्या मजल्यावरची त्रिवेणी आपल्या साहेबावर करणी करते. बातमी पुराव्यानिशी होती, आणि पुरावा मालनबाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला. मालनबाई दुसऱ्या मजल्यावरच्या. पापड वाळत घालायला गच्चीवर जातात आणि पापडांपेक्षा जास्त माल खाली घेऊन येतात. त्यांनी गच्चीच्या कोपऱ्यात तीन ताटल्या पाहिल्या. तिन्हींत लाल मिरच्या, प्रत्येकीखाली कागदाची चिठ्ठी. पहिल्या दोन ताटल्यांतल्या मिरच्या बऱ्या होत्या. तिसरीतल्या मात्र पांढरट, मरगळलेल्या, कुणी रक्त शोषून घेतल्यासारख्या. आणि त्या तिसऱ्या चिठ्ठीवर कोपऱ्यात बारीक अक्षरात नाव होतं: सुधीर.

"सुधीर म्हंजे तिचा साहेब," मालनबाई जिन्यातच थांबून म्हणाल्या. "पुण्याचा हाय म्हणे. आन् दर शुक्रवारी ही बाई डब्यात मिरच्या भरून आफिसला नेती. मी म्हन्ते, कंप्युटरच्या आफिसात मिरच्यांचं काय काम असतंय, सांगा की!"

संध्याकाळपर्यंत मिरच्यांना टाचण्या टोचल्या गेल्या होत्या. तळमजल्यावर पोचेपर्यंत बातमीत लिंबूही आलं.

आता खरं सांगायचं तर करणीबिरणी काही नव्हती. त्रिवेणी माधापूरच्या ज्या कंपनीत आहे ती मिरचीचा फोटो बघून दर्जा सांगणारं यंत्र बनवते. यंत्राला हजारो फोटो दाखवायचे, प्रत्येकाखाली 'ही पहिली प्रत, ही दुसरी, ही फटकी' असं लिहून द्यायचं, मग ते आपणहून ओळखायला शिकतं. मशीन लर्निंग म्हणतात ते हेच. फटकी म्हणजे रंग उडून पांढरी पडलेली, टाकाऊ मिरची. ऑफिसातल्या पोरांनी जन्मात मिरची हातात धरलेली नाही, म्हणून त्रिवेणी त्यांच्यासाठी तिन्ही प्रतींचे नमुने वाळवून न्यायची. झालं, एवढीच करणी.

नाव मात्र खरं होतं. फटकीच्या चिठ्ठीवर 'सुधीर' तिनंच लिहिलं होतं, आणि आशीर्वाद देण्यासाठी नक्कीच लिहिलं नव्हतं.

त्रिवेणीला मिरची कळते याचं कारण तिचे वडील नामदेवराव. मूळचे उदगीरकडचे, पण आयुष्य गेलं ते मलकपेठच्या गंजात, म्हणजे घाऊक बाजारात, एका मिरचीच्या अडतीवर पारखी म्हणून. पोतं आलं की नामदेवराव वर पसरलेल्या मिरचीकडे ढुंकून बघायचे नाहीत. कोपरापर्यंत हात आत घालायचे, मधली मूठ काढायचे, हुंगायचे, आणि मग बोलायचे. "वरची मिरची दाखवायसाठी असती माय," ते लहानग्या त्रिवेणीला सांगायचे. "आपण दाखवलेलं बघायचं नसतंय." पोरगी शिकली, इंजिनियर झाली, सिकंदराबादला रेल्वेच्या कचेरीत काम करणाऱ्या शिवराजशी लग्न झालं, पण ही सवय काही सुटली नाही. भाजीवाल्याच्या गाडीवरही ती खालचाच टोमॅटो उचलते आणि शिव्या खाते.

चार वर्षांपूर्वी ती कंपनीत सहाव्या मजल्यावर बसायची. हाताखाली सहा इंजिनियर, आणि डोक्यावर विभागप्रमुख सुधीर. सुधीर बोलायला मधाळ. मीटिंगमध्ये दुसऱ्याचं वाक्य अशा सफाईनं पूर्ण करायचा की मुळात ते कुणाचं होतं हे बोलणाऱ्यालाही आठवू नये. एका मोठ्या मसाला कंपनीला यंत्र दाखवायचं ठरलं होतं आणि यंत्र शंभरातले सत्त्याण्णव फोटो बरोबर ओळखत होतं. सगळे खूश. त्रिवेणीनं मात्र पोत्यात हात घालावा तसा फोटोंच्या ढिगात हात घातला. बघते तर काय, पहिल्या प्रतीचे झाडून सगळे फोटो शीतगृहात काढलेले, निळ्या ताडपत्रीवर. फटकीचे फोटो बाजारात काढलेले, गोणपाटावर.

"सर, यंत्र मिरची बघेनाच," ती भर मीटिंगमध्ये म्हणाली. "ते ताडपत्री बघायलंय. निळं दिसलं की पहिली प्रत म्हणतंय."

सुधीर हसला. "त्रिवेणी, मिरची बाजारातली अक्कल बाजारात ठीक आहे. इथे आकडा बघायचा असतो. सत्त्याण्णव! डेमो होऊ दे, मग बघू तुझी ताडपत्री."

खोलीत त्या दोघांखेरीज सात माणसं होती. सातही हसली. त्रिवेणीला ती सात नावं आजही पाठ आहेत. कोण किती हसलं तेसुद्धा.

डेमोला मसाला कंपनीचे खरेदीप्रमुख मल्लेशम आले, तेलुगूत आदरानं मल्लेशमगारू. वरंगलकडचे जुने खेळाडू, मिरचीच्या धंद्यात केस पांढरे झालेले. त्यांनी खिशातून मुद्दाम आणलेली मूठभर फटकी काढली आणि खाली अंथरायला काहीतरी मागितलं. शिपायानं जे हाताला लागलं ते आणून दिलं. निळी ताडपत्री. यंत्रानं क्षणात निकाल दिला: पहिली प्रत. मल्लेशमगारू डोळ्यांतून पाणी येईतो हसले, चहासुद्धा न घेता उठून गेले.

दुसऱ्या दिवशी सुधीरचा अहवाल चाळीस जणांना गेला. त्यात एक ओळ होती: 'तपासणीत निष्काळजीपणा, जबाबदार त्रिवेणी.' तिची टीम काढून घेतली आणि तिला सहाव्या मजल्यावरून थेट तळमजल्यावर देखरेखीला पाठवलं, कॅन्टीनच्या बाजूला, जिथे बारा पोरंपोरी दिवसभर फोटोंना दर्जाची नावं द्यायची. कंपनीत त्या जागेला कुणी टीम म्हणत नव्हतं. 'खालचे लोक' म्हणत.

दोन ठिकाणांहून तिला नोकरीची बोलावणी आली. दोन्ही तिनं परतवली. शिवराज म्हणाला, "अगं जा की, कायकू तिथं सडतीस?"

"गेले तर तो रोज कुणाच्या डोळ्यासमोर राहील?" त्रिवेणी म्हणाली.

तिला बढती नको होती, सहावा मजलाही परत नको होता. तिला फक्त एक हवं होतं: सुधीरनं त्याच चाळीस जणांना, स्वतःच्या नावानं, लिहून कळवायचं की चूक त्याची होती. त्या दिवसापासून तिनं जे जे केलं ते या एका गोष्टीवर डोळा ठेवून केलं. पण करायला गेली सूड आणि होऊन बसली उत्तम टीम, ही त्यातली खरी गंमत.

पहिले तीन आठवडे ती साहेब म्हणून वागलीच नाही. बारा जणांच्या ओळीत तेरावी खुर्ची टाकून त्यांच्याबरोबर फोटोंना नावं देत बसली. तेव्हा तिला कळलं की बारा जणांच्या डोक्यात बारा प्रकारची फटकी आहे. एकाला सावली पडलेली मिरची फटकी वाटे, दुसरीला देठ नसलेली. आणि मतभेद झाला की संगणक मतं मोजायचा. बारापैकी सात जण म्हणतील ते खरं. त्रिवेणीनं ती मतमोजणी पहिली बंद केली. "सात जण म्हणले म्हणून मिरची फटकी होती काय रे?" ती म्हणाली. "मला सांगा, का म्हणले."

मग तिनं घरून लोणच्याचा एक जुना स्टीलचा डबा आणला. ज्या फोटोवर दोघांचं पटलं नाही तो छापून डब्यात टाकायचा. दर शुक्रवारी चार वाजता सगळ्यांनी प्लास्टिकच्या बुटक्या स्टुलांवर गोल बसायचं, मध्ये मिरची भज्यांचं ताट आणि खऱ्या मिरच्यांच्या तीन ताटल्या, आणि एकेक फोटो काढून मनसोक्त भांडायचं. नाव पडलं भांडणाचा डबा. नियम थोडेच. गोलात कुणी सर नाही, मॅडम नाही, सगळे नावानं. जो हरेल त्यानं हातानं कार्ड लिहायचं, 'मी चुकलो, कारण...' आणि कारण पूर्ण करून लिफ्टसमोरच्या भिंतीवर टाचायचं. मराठीत लिहा, तेलुगूत लिहा, उर्दूत लिहा, कारण पाहिजे. आणि ते कार्ड पगारवाढीच्या वेळी कुणी काढून दाखवणार नाही, याचा शब्द त्रिवेणीचा.

पहिलं कार्ड तिचंच लागलं: 'मी चुकले, कारण मी सावलीला डाग समजले.' ते वाचून बाराजणांना जो धीर आला तो दहा भाषणांनी आला नसता. वर्षभरात भिंत भरली. कोण काय चुकतंय हे सगळ्यांना कळायला लागलं, त्यामुळे तीच चूक दुसरा करेना. पूर्वी सहा महिन्यांत पळून जाणारी पोरं टिकून राहिली. वरच्या मजल्यांवरच्या टीमा 'आमचे फोटो खालच्यांकडूनच करून घ्या' म्हणून मागे लागल्या. शुक्रवारी घरी आली की आता तिच्याकडेच राहणारे नामदेवराव खुर्चीतून विचारायचे, "आज कोण कोण भांडलं गं?" आणि ती सांगायची, गंजातल्या लिलावाची हकीकत सांगावी तशी.

खालच्यांच्या कामानं वरचं यंत्र सुधारलं. कंपनीच्या वार्षिक समारंभात त्याबद्दल मानचिन्ह मिळालं. कुणाला, ते विचारू नका. सुधीरनं मंचावरून 'माझ्या टीमचे' आभार मानले आणि मानचिन्ह सहाव्या मजल्यावर नेऊन ठेवलं. त्या आठवड्यात फटकीच्या चिठ्ठीवर नाव आलं, आणि मालनबाई गच्चीवर गेल्या.

यंदा मल्लेशमगारू पुन्हा यायचे ठरले. करार त्यांच्या हाती. मंगळवारी डेमो. सुधीरला घाई झाली होती. बाजारातून नवे फोटो आले तेव्हा त्रिवेणीनं लिहून कळवलं होतं की फोटोतलं मिरचीखेरीज बाकी सगळं कापून मगच यंत्राला द्या. सुधीरचं उत्तर आलं होतं, दोन शब्दांचं: 'वेळ नाही.'

आधीच्या गुरुवारी दुपारी शर्वरी तिच्या टेबलाशी आली. शर्वरी टीममधली सर्वांत नवी, हिमायतनगरची पोरगी. जन्म हैदराबादचा, मराठी घरात बोलते पण वाचताना अडखळते. हातात लॅपटॉप, बोटात भलीमोठी निळ्या फिरोजाची अंगठी.

"मॅडम, एक चीज दाखवू? हसू नका पण."

"भज्याशिवाय मी हसत नसते. दाखव."

शर्वरीनं दोन फोटो दाखवले. दोन्हींत तीच फटकी, अगदी गेलेली. पहिल्याला यंत्र म्हणालं फटकी. दुसऱ्यात कोपऱ्यात तिचं बोट होतं, अंगठीसकट. यंत्र म्हणालं पहिली प्रत.

"मी काल सुबह से बघायलेय मॅडम. नव्या फोटोंत पहिल्या प्रतीचा जो पण फोटो आहे ना, त्यात कोपऱ्यात एक हात आहे. एकाच माणसाचा. भारी माल आला की बाजारात तोच पारखी बोलावतात वाटतं. त्याच्या बोटात अशी अंगठी आहे. मी काल शाम को लाड बाजारातून तसलीच आणली, बघू म्हटलं. यंत्र अंगठी बघायलंय मॅडम, मिरची नाही."

त्रिवेणी खुर्चीत मागे रेलली. चार वर्षं डोळ्यांसमोर असलेलं दृश्य तिला लख्ख दिसलं. मल्लेशमगारूंच्या उजव्या हातात तीन अंगठ्या असतात. पोवळं, मोती, फिरोजा. मंगळवारी ते खिशातून फटकी काढणार, मूठ यंत्रासमोर धरणार, आणि यंत्र सगळ्यांदेखत म्हणणार, पहिली प्रत. तीच खोली, तोच हसणारा म्हातारा, आणि या वेळी सुधीर एकटा. तिला काहीही करायचं नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं.

"डब्यात टाकू ना मॅडम?" शर्वरी म्हणाली. "उद्याच शुक्रवार."

"नको."

"नको?"

"मंगळवार होऊन जाऊ दे. तोवर कुणाशी बोलू नको. मग बघू."

शर्वरीनं लॅपटॉप मिटला. मग "हौ मॅडम" म्हणाली आणि गेली. जाताना तिनं बोटातली अंगठी काढून खिशात टाकली.

त्या संध्याकाळी त्रिवेणी कधी नव्हे ती गुणगुणत घरी आली. ठेचा करायला बसली आणि असा कुटला की खलबत्त्याचा आवाज दुसऱ्या मजल्यावर गेला. मालनबाईंनी तिथे काय अर्थ काढला असेल तो त्यांनाच ठाऊक. जेवताना शिवराजनं पहिला घास घेतला आणि पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

"आज लई बारीक झालाय गं. कुणाला कुटलंस?"

"अजून कुटलं नाही. मंगळवारी."

तिनं सगळं सांगितलं. सांगता सांगता डोळे चमकत होते. शिवराज हसला, म्हणाला, "बरोबर, होऊ दे त्याची फजिती." नामदेवरावांनी मात्र भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला.

"अन् ती फोटोवाली पोर?" त्यांनी विचारलं.

"तिचं काय?"

"न्हाई, तुझ्या साहेबाचं तोंड पोळलं की तो वर बघत नसतोय. तो खाली बघतोय. मागल्या खेपेला खाली कोण होतं? आता कोण हाय?"

 सुधीरचा पुढचा अहवाल त्रिवेणीला आयता दिसला. चाळीस नावं, आणि त्यात एक ओळ: 'लेबलिंग टीमचा निष्काळजीपणा, जबाबदार शर्वरी.' फोटो तिनंच तपासले होते, तिचीच सही होती. सुधीर पडला असता, पण पोरीच्या अंगावर. आणि दोन दिवसांत उठून कपडे झटकून चालायला लागला असता.

सकाळी ती ऑफिसात पोचली आणि लिफ्टसमोर थबकली. भिंतीवर एक नवं कार्ड होतं. शुक्रवारचे चार वाजायच्या आधीच लागलेलं, वेड्यावाकड्या देवनागरीत, प्रत्येक अक्षर जपून काढलेलं:

'मी चुकले, कारण मला वाटलं डबा सगळ्यांसाठी आहे. शर्वरी.'

त्रिवेणीनं ते दोनदा वाचलं. चार वर्षांपूर्वीचं 'डेमो होऊ दे, मग बघू' तिच्या कानात वाजलं, आणि दुसऱ्याच क्षणी कालचं स्वतःचं 'मंगळवार होऊन जाऊ दे, मग बघू.' आवाज वेगळे होते, वाक्य एकच होतं. तिला सुधीरचा जेवढा राग होता त्याहून जास्त राग या गोष्टीचा आला की त्या माणसाचं वाक्य आपल्या तोंडात येऊन बसलं. ती जागेवर गेली, कोरं कार्ड घेतलं, 'मी चुकले, कारण मी शर्वरीला गप्प बसवलं' असं लिहून तिच्या कार्डाशेजारी टाचलं.

आता तुम्हाला वाटेल बाईचं मन पालटलं, सूडबीड विरला. अजिबात नाही. फक्त तिच्या लक्षात आलं की इतके दिवस आपण सूड फार हलक्या प्रतीचा धरून बसलो होतो.

तिनं फोटो छापून डब्यात टाकला आणि सुधीरला निरोप पाठवला: 'तुमच्या यंत्राचा एक फोटो आज डब्यात आहे. चार वाजता खाली या. नाहीतर मल्लेशमगारूंच्या हातात अंगठ्या किती आहेत ते आठवून ठेवा.'

सुधीरला निरोप कळला नाही, म्हणूनच तो घाबरला. चार वाजता आला. इस्त्रीचा शर्ट, हातात फोन, आणि बसायला प्लास्टिकचं बुटकं स्टूल. गुडघे हनुवटीला लागले.

"सुधीर, भजं घे," टीमचा सर्वांत उंच पोरगा प्रथमेश ताट पुढे करत म्हणाला.

सुधीरनं वर पाहिलं. "काय म्हणालास?"

"नियम आहे," प्रथमेश गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. "गोलात सगळे नावानं. भजं गरम आहे, सुधीर."

कुणीतरी खोकल्याआड हसलं. त्रिवेणी हसली नाही. ती मोजत होती. गोलात तिचे बाराजण आहेत, तेव्हा हसलेले सात नाहीत.

शर्वरीनं दोन्ही फोटो मांडले आणि अडखळत सगळं सांगितलं. सुधीरनं मान हलवली. "एखाददुसरा फोटो असा निघतोच. अपवाद आहे हा. त्यावरून पूर्ण यंत्र..."

"बहाना नक्को," समोरून दोघी एकदम ओरडल्या. डब्यातलं हे ठरलेलं वाक्य होतं, त्रिवेणीलाही अनेकदा ऐकायला लागलेलं.

"मग तूच करून बघ ना सुधीर," शर्वरी म्हणाली आणि खिशातून अंगठी काढून त्याच्यासमोर धरली.

सुधीरनं अंगठी करंगळीत चढवली, दुसऱ्या बोटात जात नव्हती. त्रिवेणीनं तिसरी ताटली पुढे सरकवली. चिठ्ठी तशीच होती खाली. आपलं नाव वाचून त्यानं तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "घ्या की. सगळ्यांत वाईट निवडा." त्यानं पांढरी फटक एक मिरची उचलली आणि कॅमेऱ्यासमोर धरली.

पडद्यावर अक्षरं आली: पहिली प्रत, शहाण्णव टक्के.

कुणी हसलं नाही.  सुधीरनं मिरची ताटलीत परत ठेवली, करंगळीत निळी अंगठी तशीच.

"किती फोटो आहेत असे?" त्यानं विचारलं.

"नऊ हजार," शर्वरी म्हणाली.

"मंगळवारच्या आत होतील?"

सगळ्यांनी त्रिवेणीकडे पाहिलं.

"आम्ही तेराजण शनिवार-रविवार बसलो तर होतील," त्रिवेणी म्हणाली. "मी यांना सकाळीच विचारून ठेवलंय. बसतील, बदल्यात पुढच्या आठवड्यात दोन दिवस सुट्टी. पण डब्याचा नियम आधी." तिनं कार्ड आणि पेन पुढे केलं.

"त्रिवेणी, मी ईमेल करतो ना."

"हातानं."

त्यानं गुडघ्यावर कार्ड ठेवून लिहिलं: 'मी चुकलो, कारण यंत्र काय बघतंय ते मी तपासलं नाही.' आणि उठायला लागला.

"बसा," त्रिवेणी म्हणाली आणि दुसरं कार्ड दिलं. "निळ्या ताडपत्रीचं राहिलंय."

"ते चार वर्षांपूर्वीचं..."

"डब्यात जुनंनवं नसतंय. पटलं नाही तर भांडा, आम्ही बसलोय."

सुधीरनं गोलाकडे पाहिलं. बारा चेहरे, कुणी तिरस्कारानं बघत नव्हतं, नुसती वाट बघत होते, जशी आपल्यापैकी कुणाच्याही कार्डाची बघतात. त्यालाच ते जास्त जड गेलं असावं. त्यानं लिहिलं. त्रिवेणीनं कार्ड घेतलं, वाचलं, आणि म्हणाली, "आता हेच त्या चाळीस जणांना पाठवा. माझं नाव त्या ओळीतून काढून, तुमचं घालून. गेलेलं दिसलं की आम्ही कामाला लागतो."

"तू अडवणूक करतेयस माझी."

"हो," त्रिवेणी शांतपणे म्हणाली. "पण काम चोख करणार आहे. तुम्ही मागल्या वेळी दोन्हींतलं पहिलंच केलं होतं."

साडेपाचला चाळीस जणांच्या पेट्यांत पत्र पोचलं. त्यात सात नावं त्रिवेणीला पाठ असलेली. तिनं पत्र एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वडिलांना फोनवर वाचून दाखवलं, आणि मग बाह्या वर करून फोटो कापायला बसली. सुधीरची दोन्ही कार्डं तिनं स्वतः टाचली, लिफ्टचं दार उघडलं की पहिली नजर जाते बरोबर तिथे.

मंगळवारी मल्लेशमगारू आले, तीन अंगठ्यांच्या मुठीत फटकी घेऊन. यंत्र म्हणालं, फटकी. शर्वरीच्या सांगण्यावरून त्यांनी अंगठ्या काढून धरली, यंत्र म्हणालं, फटकी. निळ्या ताडपत्रीवर ठेवली, तरी फटकी. म्हातारा हसला, पण या वेळी हसणं वेगळं होतं. जाताना लिफ्टसमोर थांबून त्यांनी ती भिंत बराच वेळ वाचली, मराठी कार्डं शर्वरीकडून वाचून घेतली, सुधीरचीही घेतली, आणि म्हणाले, "ज्या दुकानात अशी भिंत असते तिथला माल मी घेतो." करार झाला.

इमारतीत बातमी पोचायला संध्याकाळ लागली. मालनबाईंनी जिन्यात जाहीर केलं की बघा, करणी लागू पडली, साहेबानं लेखी माफी मागितली. त्यांना समजवायला गेलेल्या शिवराजला त्यांनी हळूच विचारलं की आमच्या घरमालकासाठी किती मिरच्या लागतील.

दुसऱ्या दिवशी सुधीर तळमजल्यावर आला. आवाज पुन्हा मधाळ. मुंबईहून मोठे साहेब येणार होते, याच लिफ्टनं वर जाणार होते. तो म्हणाला, "त्रिवेणी, करार झाला, पत्र गेलं, सगळं तुझ्या मनासारखं झालं. आता तरी ती माझी कार्डं काढ ना भिंतीवरून."

त्रिवेणीनं संगणकावरून नजर वळवली.

"काढते की सर. माझं नाव काढायला तुम्हाला चार वर्षं लागली. मला तरी कुठं घाई आहे?"